मुदत संपली तरी भाडेकरू जागा सोडत नाही : घरमालकाने कायदेशीर मार्ग कसा धरावा?

नारायणपेठी (मूळ धागा)

आमच्या कुटुंबाच्या मालकीच्या पुण्यात दोन जागा आहेत आणि सध्या दोन्हींचा ताबा आम्हाला मिळत नाही. पहिली जागा कोथरूडमधील सदनिका आहे. ती आम्ही लिव्ह अँड लायसन्स करार करून एका कुटुंबाला राहण्यासाठी दिली होती. करार रीतसर नोंदवलेला आहे आणि त्याची मुदत संपून बरेच महिने झाले आहेत. सुरुवातीला 'मुलाची दहावीची परीक्षा होऊ द्या' असे सांगून त्यांनी वेळ मागितला आणि आम्हीही तो दिला. आता मात्र 'तुम्हाला काय करायचे ते करा' असे स्पष्ट उत्तर मिळते.

दुसरी जागा म्हणजे नारायण पेठेतील आमच्या जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावरील दोन खोल्या. आजोबांनी त्या १९६० च्या दशकात भाड्याने दिल्या होत्या. मूळ भाडेकरू आता हयात नाहीत. त्यांचा मुलगा सिंहगड रस्त्यावर स्वतःच्या सदनिकेत राहतो, खोल्यांना कायम कुलूप असते आणि नाममात्र भाडे दरमहा मनीऑर्डरने न चुकता येते. दुसरीकडे माझ्या धाकट्या भावाचे चौघांचे कुटुंब त्याच वाड्यात एका खोलीत राहते.

नातेवाइकांपैकी काहींचा सल्ला असा आहे की कोथरूडच्या घराचे पाणी आणि वीज तोडावी आणि वाड्यातील खोल्यांचे कुलूप बदलून टाकावे. एका दलालाने तर 'माणसे पाठवून जागा मोकळी करून देतो' असेही सुचवले. मला यातले काहीही करायचे नाही. दोन्ही जागांसाठी कायद्याने नेमका कोणता मार्ग आहे, कोणत्या कार्यालयात जायचे आणि कोणते कागद जमवायचे, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

दिवाणी वकील

आपण दोन्ही जागांचा प्रश्न एकत्र मांडला आहे, पण कायद्याच्या दृष्टीने ही दोन अगदी वेगळी प्रकरणे आहेत. त्यांची दाद मागण्याची ठिकाणे, पुरावा, मुदती आणि पुढच्या अपिलाचे मार्ग हे सर्व वेगळे आहे. माझ्याकडे येणारे बहुतेक घरमालक चुकीच्या दाराशी जाऊन वर्षे घालवतात, म्हणून जागेत बसलेली व्यक्ती कायद्याने कोण आहे हे आधी ठरवावे आणि त्यानंतरच नोटीस लिहायला घ्यावी.

महाराष्ट्रात या विषयावरील मुख्य कायदा म्हणजे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याआधी मुंबई आणि पश्चिम महाराष्ट्रासाठी १९४७ चा मुंबई भाडे कायदा होता, आणि आपल्या वाड्यातील भाडेकरार त्याच काळातला आहे. त्या कायद्याखाली भाडी १९४० च्या पातळीवर गोठवलेली होती. मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये ही गोठवण मनमानी ठरवली आणि त्यानंतर नवा कायदा आला. नव्या कायद्याने दरवर्षी चार टक्के भाडेवाढीची सोय केली, परंतु मूळ आकडाच इतका लहान होता की चार टक्क्यांनी जुन्या घरमालकाच्या पदरात फारसे काही पडले नाही. भाडेकरूचे संरक्षण नव्या कायद्यातही कायम राहिले.

कोथरूडची सदनिका. येथे बसलेले कुटुंब कायद्याने भाडेकरू नाही, ते परवानाधारक आहे आणि त्यांच्या परवान्याची मुदत संपलेली आहे. त्यामुळे आपल्याला दिवाणी दावा लावण्याची गरज नाही. अधिनियमाच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, ताब्यासाठी अर्ज करता येतो. हे कलम फक्त राहण्यासाठी दिलेल्या जागेला लागू होते. या मार्गाचे सर्वांत मोठे बळ असे की लेखी परवाना करारात जे नमूद केलेले आहे त्याचा तो करार निर्णायक पुरावा मानला जातो. 'हा करार केवळ नावाला होता, प्रत्यक्षात आम्ही भाडेकरूच आहोत' हा नेहमीचा बचाव त्यामुळे येथे सहसा टिकत नाही.

अर्जानंतर प्राधिकारी समन्स काढतात. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत परवानाधारकाने शपथपत्रासह बचाव मांडण्याची परवानगी मागावी लागते. ती मागितलीच नाही किंवा नाकारली गेली, तर अर्जातील विधाने मान्य आहेत असे धरून ताब्याचा आदेश होतो. या आदेशावर अपील नाही. राज्य शासनाकडे पुनरीक्षण अर्ज, म्हणजे आदेश पुन्हा तपासण्याचा अर्ज, करता येतो आणि तो ९० दिवसांच्या आत करावा लागतो.

याच कलमात नुकसानभरपाईचीही तरतूद आहे. मुदत संपल्यानंतर जागा सोडली नाही, तर करारात ठरलेल्या परवाना शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. आपल्या नोटिशीत ही तरतूद, मुदत संपल्याची तारीख आणि थकलेल्या रकमेचा हिशेब स्पष्टपणे लिहा. अनेक कुटुंबे केवळ हा दुप्पट आकडा कागदावर पाहून जागा सोडण्याची तारीख ठरवतात, असा माझा अनुभव आहे. आपण घेतलेल्या अनामत रकमेतून ही भरपाई वळती करण्याचा अधिकार करारात असेल, तर त्याचाही उल्लेख करा.

अर्जासोबत नोंदणीकृत कराराची प्रत, मालकी दाखवणारे कागद म्हणजे सूची क्रमांक २ किंवा खरेदीखत, सोसायटीचे भागपत्र, मालमत्ता कराची पावती, नोटीस आणि ती पोचल्याचा पुरावा जोडा. करारावर ज्यांची नावे आहेत त्या सर्वांना पक्षकार करा. पती आणि पत्नी दोघांच्या सह्या असताना फक्त पतीविरुद्ध अर्ज केला आणि पुढे पत्नीने स्वतंत्र हरकत घेतली, असे प्रकार घडतात.

वाड्यातील खोल्या. हा रस्ता लांबचा आहे. जो भाडेकरू भाडे देतो किंवा देण्यास तयार आहे, त्याला केवळ मालकाची इच्छा म्हणून काढता येत नाही. हा कलम १५ चा गाभा आहे. भाडे थकले असले तरी आधी ९० दिवसांची लेखी मागणी नोटीस द्यावी लागते. त्यानंतर दावा लावला, तरी समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांच्या आत भाडेकरूने सर्व थकबाकी १५ टक्के सरळव्याज आणि खर्चासह न्यायालयात भरली आणि पुढेही नियमित भरत राहिला, तर थकबाकीच्या कारणावर हुकूमनामा, म्हणजे ताबा देण्याचा न्यायालयाचा निवाडा, होत नाही. आपल्या प्रकरणात मनीऑर्डर दरमहा येत असल्यामुळे या कारणाचा विचारच सोडून द्या.

आपल्यासाठी कलम १६ मधील दोन कारणे महत्त्वाची आहेत. पहिले कारण म्हणजे ज्या उपयोगासाठी जागा दिली, त्यासाठी ती दाव्याच्या तारखेच्या लगत आधीचे सलग सहा महिने वाजवी कारणाशिवाय वापरलेली नसणे. दुसरे कारण म्हणजे मालकाला स्वतःसाठी ती जागा वाजवी आणि खरोखर हवी असणे. आपल्या भावाचे कुटुंब एका खोलीत राहते, ही गरज कोणत्याही न्यायालयाला समजेल अशी आहे. आपली गरज काय आहे हे मालक स्वतः अधिक चांगले जाणतो आणि त्याने कोठे, कसे राहावे हे भाडेकरूने सांगू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार म्हटले आहे. मात्र न्यायालयाला तुलनात्मक अडचणही तपासावी लागते. हुकूमनामा दिल्याने भाडेकरूची आणि न दिल्याने मालकाची, यांपैकी कोणाची अडचण अधिक मोठी आहे, हे पाहिले जाते. येथे सिंहगड रस्त्यावरील सदनिका आपल्या बाजूने मोठा पुरावा ठरते. तिच्या खरेदीखताची सूची क्रमांक २ नोंदणी विभागाकडून मिळवून ठेवा.

न वापरल्याचा पुरावा मात्र बारकाईने उभा करावा लागतो. त्या खोल्यांचे वीजदेयक, त्यातील महिन्यागणिक शून्य किंवा जवळपास शून्य युनिटे, गॅसजोडणी दुसऱ्या पत्त्यावर हलवल्याची नोंद, मतदारयादीतील नाव आणि पत्ता, वाड्यातील इतर रहिवाशांची साक्ष, हे सर्व लागते. भाडेकरू दिवाळीला येऊन एक दिवस दिवा लावून गेला, म्हणून वापर सिद्ध होत नाही. परंतु आजारपण, बदलीची नोकरी यांसारखे वाजवी कारण त्याने दाखवले, तर आपला मुद्दा कमकुवत होतो. त्यामुळे दोन्ही कारणे एकाच दाव्यात मांडावीत.

आणखी एक गोष्ट आधीच तपासा. मूळ भाडेकरू वारल्यानंतर भाडेहक्क कोणाकडे गेला? निवासी जागेत मृत्यूच्या वेळी भाडेकरूबरोबर राहणारा कुटुंबीय हा प्रथम हक्कदार असतो. असा कोणी नसेल, तर वारसांपैकी कोण, हे आपसांत ठरते किंवा न्यायालय ठरवते. म्हणून मुलाबरोबर त्याची आई, विवाहित बहिणी यांचीही माहिती काढा आणि सर्व वारसांना प्रतिवादी करा. आपल्या बाजूने मात्र सर्व भाऊबंदांनी दाव्यावर सह्या केल्याच पाहिजेत असे नाही. इतर सहमालकांची हरकत नसेल, तर एक सहमालकही ताब्याचा दावा लावू शकतो.

हा दावा पुण्यात लघुवाद न्यायालयात (स्मॉल कॉज कोर्टात) चालेल. जेथे लघुवाद न्यायालय नाही, अशा तालुक्याच्या ठिकाणी तो दिवाणी न्यायाधीशांकडे जातो. पुण्यात अपील जिल्हा न्यायालयात होते, तर मुंबईत लघुवाद न्यायालयाच्याच दोन न्यायाधीशांच्या पीठाकडे होते. अपिलाची मुदत ३० दिवसांची आहे.

ठाणेकर

वरील प्रतिसाद अतिशय उपयुक्त आहे. मी फक्त पोलिसांविषयी लिहितो, कारण बहुतेक जण आधी तेथेच जातात. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात नोंदवणे आवश्यक असते आणि आम्ही ती नोंदवली होती, त्यामुळे पोलीस जागा रिकामी करून देतील असे आमच्या घरातील ज्येष्ठांना वाटत होते. पोलीस ठाण्यातील अधिकाऱ्याने आम्हाला शांतपणे समजावून सांगितले की ताब्याचा वाद दिवाणी स्वरूपाचा आहे आणि न्यायालयाचा किंवा सक्षम प्राधिकाऱ्याचा आदेश असल्याशिवाय पोलीस कोणालाही घराबाहेर काढू शकत नाहीत. त्या वेळी आम्हाला त्याचा राग आला, पण त्यांचे म्हणणे बरोबर होते. धमकी, मारहाण किंवा नुकसान झाले असेल, तर त्याची तक्रार वेगळी आणि ती जरूर करावी. ताब्यासाठी मात्र अर्जच करावा लागतो, आणि जितका लवकर कराल तितके बरे.

चाळकरी

मी गिरगावातील एका जुन्या चाळीत भाडेकरू म्हणून वाढलो, त्यामुळे दुसरी बाजूही या धाग्यात यावी असे वाटते. नारायणपेठी यांनी माणसे पाठवण्याचा सल्ला नाकारला, याबद्दल त्यांचे मनापासून कौतुक वाटते. आमच्या चाळीत पाण्याची मोटर बंद ठेवणे, जिन्यावरचा दिवा काढून नेणे, शौचालयाची दुरुस्ती अडवणे, हे सर्व भाडेकरूंना कंटाळवून बाहेर काढण्यासाठी झाले आहे. ज्या घरात वृद्ध आणि लहान मुले असतात, तेथे आठवडाभर पाणी नसणे म्हणजे काय, हे ज्याने बादल्या वाहिल्या त्यालाच कळते.

कायद्याने हे करता येत नाही. अधिनियमाच्या कलम २९ नुसार मालकाला वाजवी कारणाशिवाय आवश्यक पुरवठा किंवा सेवा तोडता येत नाही, न्यायालय त्या पूर्ववत करण्याचा आदेश देऊ शकते आणि तोडणे हा गुन्हा आहे. कुलूप बदलून ताबा घेतला, तर विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून भाडेकरू पुन्हा आत येऊ शकतो आणि त्या दाव्यात मालकी कोणाची हा प्रश्नच विचारात घेतला जात नाही. म्हणजे ज्या मालकाची बाजू मुळात भक्कम आहे, तोच स्वतःच्या हाताने प्रतिवादी आणि प्रसंगी आरोपी होऊन बसतो.

भाडे घेण्याचे नाकारून पुढे 'भाडे थकवले' म्हणणारे मालकही आम्ही पाहिले आहेत. अशा वेळी भाडेकरूने मनीऑर्डर पाठवावी आणि ती परत आली, तर तिची पावती जपून ठेवावी. देण्याची तयारी होती, हे त्यातून सिद्ध होते.

एक तरतूद भाडेकरूंना फारशी माहीत नसते. मालकाने स्वतःच्या गरजेसाठी म्हणून हुकूमनामा मिळवला, पण ताबा घेतल्यावर एका महिन्यात तेथे राहायला गेला नाही किंवा एका वर्षाच्या आत ती जागा दुसऱ्याला भाड्याने दिली, तर मूळ भाडेकरू न्यायालयात अर्ज करून जागा परत मागू शकतो. म्हणून ज्यांची गरज खरी आहे, त्यांनीच त्या कारणावर दावा लावावा.

दिवाणी वकील

चाळकरी यांचे सर्व मुद्दे योग्य आहेत आणि मी माझ्या पक्षकारांना हेच सांगतो. भाडेकरूच्या बाजूचा आणखी एक मुद्दा येथेच नोंदवतो. भाडेकरूने विनापरवानगी कायमस्वरूपी बांधकाम केले, हे जागा परत मिळवण्याचे एक कारण आहे, परंतु स्वयंपाकाचा ओटा, मधली पातळ भिंत, दार किंवा जाळी बसवणे, यांसारखे जे बदल जागेला गंभीर इजा न होता काढता येतात, ते कायमस्वरूपी बांधकाम मानले जात नाही, असे कायद्यातच लिहिले आहे. ओट्याचे छायाचित्र काढून दावा लावण्यास निघालेल्या मालकांना मी थांबवतो.

सातासमुद्रापार

मी गेली अनेक वर्षे अमेरिकेत आहे. माझी सदनिका मुंबईच्या उपनगरात आहे आणि परवानाधारकाने मुदत संपूनही ताबा सोडलेला नाही. दर तारखेला येणे मला शक्य नाही. कुलमुखत्यारपत्र देऊन मेहुण्यांकडून हे काम करून घेता येईल का? तसेच त्याच इमारतीत माझा एक गाळा दुकानासाठी दिलेला आहे, त्यालाही कलम २४ लागू होईल का?

दिवाणी वकील

कुलमुखत्यारपत्रावर काम होऊ शकते, परंतु ते नीट करून घ्या. भारतीय वाणिज्य दूतावासात त्याचे साक्षांकन करून घ्या आणि ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावरील मुद्रांक शुल्क भरून घ्या. त्यात ताब्याचा अर्ज करणे, शपथपत्र देणे, तडजोड करणे आणि ताबा स्वीकारणे या अधिकारांचा स्पष्ट उल्लेख असावा. 'सर्व कामे करणे' एवढ्या मोघम वाक्यावर भागत नाही.

कलम २४ च्या अर्जात मुख्य आधार लेखी कराराचा असल्यामुळे कुलमुखत्याराचे काम तुलनेने सोपे होते. स्वतःच्या गरजेच्या दाव्यात मात्र अडचण येते. ज्या गोष्टी केवळ मालकाच्या वैयक्तिक माहितीतील आहेत, त्यांबद्दल कुलमुखत्यार मालकाच्या वतीने साक्ष देऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानकी वाशदेव भोजवानी प्रकरणात डिसेंबर २००४ मध्ये स्पष्ट केले. 'मी परत येऊन तेथे राहणार आहे' हे आपणच न्यायालयाला सांगावे लागते.

दुकानाच्या गाळ्याला कलम २४ लागू होत नाही. मुंबईत परवानाधारकाकडून अशा जागेचा ताबा मिळवण्यासाठी लघुवाद न्यायालयात प्रेसिडेन्सी लघुवाद न्यायालय अधिनियम, १८८२ च्या कलम ४१ खाली दावा लावावा लागतो. गाळा बँकेला, सार्वजनिक उपक्रमाला किंवा एक कोटी रुपये अथवा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपनीला भाड्याने दिलेला असेल, तर भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षणच तिला मिळत नाही. तेथे मालमत्ता हस्तांतरण अधिनियमानुसार नोटीस देऊन भाडेकरार संपवता येतो आणि मग ताब्याचा दावा लावता येतो. कंपनीच्या भागभांडवलाचा दाखला कंपनी निबंधकांच्या नोंदींतून मिळतो, तो दाव्यापूर्वीच काढून ठेवा.

पणजीकर

गोव्यातील वाचकांसाठी थोडे लिहितो, कारण महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा आमच्याकडे लागू नाही. गोव्यात १९६८ चा भाडे आणि निष्कासन नियंत्रण कायदा आहे आणि भाडेकरूला काढण्याचा अर्ज भाडे नियंत्रकाकडे करावा लागतो.

आमच्याकडे दुसरा एक प्रश्न वरचेवर येतो. मुंबईत किंवा परदेशात राहणारे कुटुंब आपले जुने घर नातेवाइकाच्या किंवा राखणदाराच्या ताब्यात देते आणि काही वर्षांनी तोच 'हे घर माझ्या ताब्यात आहे' म्हणून उभा राहतो. मारिया मार्गारिदा सिक्वेरा फर्नांडिस या गोव्यातील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितले की राखणदार, नोकर किंवा नातेवाईक म्हणून कोणी कितीही वर्षे विनामोबदला राहिला, तरी त्याला त्या घरात हक्क प्राप्त होत नाही आणि मागणी होताच त्याने ताबा परत द्यावा. असा माणूस भाडेकरू नसतो. मात्र त्याच्याकडून कधी भाडे म्हणून रक्कम घेतली असेल, तर चित्र बदलते. म्हणून घर सांभाळायला देताना तसे दोन ओळींचे पत्र तरी लिहून घ्यावे, असे मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगतो.

निवृत्त न्यायालयीन कर्मचारी

माझी नोकरी दिवाणी न्यायालयात झाली आणि ताब्याच्या वॉरंटची बजावणी मी जवळून पाहिली आहे. हुकूमनामा मिळाला म्हणजे जागा मिळाली, असे पक्षकार समजतात, म्हणून पुढच्या टप्प्याबद्दल लिहितो.

हुकूमनाम्यानंतरही भाडेकरू जागा सोडत नसेल, तर दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करावी लागते. न्यायालय ताब्याचे वॉरंट काढते आणि बेलिफ, म्हणजे बजावणी करणारा न्यायालयाचा कर्मचारी, ते घेऊन जागेवर जातो. दाराला कुलूप असेल, तर कुलूप तोडण्याची परवानगी वेगळी मागावी लागते, आणि विरोधाची शक्यता असेल, तर पोलीस बंदोबस्ताचा अर्ज करून त्याचे शुल्क भरावे लागते. या दोन्ही गोष्टी वॉरंटच्या तारखेपूर्वी केल्या नाहीत, तर बेलिफ कुलूपबंद दाराचा अहवाल लिहून परततो आणि पुन्हा नवी तारीख पडते. नारायणपेठी यांच्या वाड्यातील खोल्यांना कायम कुलूप आहे, म्हणून त्यांनी हे लक्षात ठेवावे.

प्रत्यक्ष ताबा देताना पंचनामा होतो. दोन पंच लागतात आणि ते मालकाने सोबत आणलेले बरे, कारण शेजारी ऐनवेळी सही करायला तयार नसतात. आत सामान असेल, तर त्याची यादी करावी लागते. पितळी डबे, लोखंडी कॉट, देव्हारा, बांधून ठेवलेली गाठोडी, भिंतीवरची तसबीर, जे असेल ते एकेक करून लिहितात. ते सामान भाडेकरू नेत नसेल, तर कोठे आणि कोणाच्या जबाबदारीवर ठेवले, हेही पंचनाम्यात येते. मालकाने त्यातील एकाही वस्तूला स्वतःहून हात लावू नये. दागिने होते, रोख रक्कम होती, असे आरोप नंतर होतात आणि त्या वेळी ही यादीच कामाला येते. चित्रीकरण करण्याचीही परवानगी मागून घ्यावी.

तिसराच कोणीतरी दारात उभा राहून 'मी येथे स्वतंत्र हक्काने राहतो' म्हणतो, तेव्हा बेलिफ त्याला बळाने बाजूला करत नाही. मग त्या अडथळ्याविरुद्ध न्यायालयात वेगळा अर्ज करावा लागतो आणि त्याची चौकशी दरखास्तीतच होते, नवा दावा लागत नाही. दरखास्ती वर्षानुवर्षे रेंगाळतात, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये राहुल शहा प्रकरणात दरखास्त सहा महिन्यांच्या आत निकाली काढण्याचे निर्देश दिलेले आहेत. आपल्या वकिलांनी त्याचा आधार घेऊन जवळच्या तारखा मागाव्यात.

नारायणपेठी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कोथरूडच्या सदनिकेसाठी नोटिशीचा मसुदा तयार होत आहे आणि वाड्यातील खोल्यांच्या वीजदेयकांची माहिती मी गोळा करत आहे.

दोन शंका उरल्या आहेत. कोथरूडचे परवानाधारक अजूनही दरमहा जुन्या दराने रक्कम माझ्या बँक खात्यात जमा करत आहेत. ती घेतली, तर मी त्यांना नवा हक्क दिल्यासारखे होईल का? दुसरे म्हणजे वाड्यातील भाडेकरूचा मुलगा मध्यस्थामार्फत तडजोडीचे बोलू लागला आहे. काही रक्कम घेऊन तो खोल्या सोडण्यास तयार असेल, तर ते कायदेशीर आहे का आणि कोणत्या स्वरूपात करावे?

दिवाणी वकील

पहिल्या शंकेबद्दल. रक्कम परत करण्याची गरज नाही, परंतु गप्पही राहू नका. पुढच्याच आठवड्यात त्यांना पोचपावतीसह टपालाने आणि ईमेलने कळवा की परवान्याची मुदत अमुक तारखेला संपली आहे, त्यानंतर जमा झालेली प्रत्येक रक्कम आपण कलम २४ खालील नुकसानभरपाईपोटी आणि आपले सर्व हक्क अबाधित ठेवून स्वीकारत आहात, आणि त्यामुळे परवान्याचे नूतनीकरण झालेले नाही. 'भाडे' हा शब्द पत्रात, पावतीत किंवा व्हॉट्सॲपवरील संदेशातही वापरू नका. असे संदेश बचावाच्या शपथपत्राला जोडलेले मी अनेकदा पाहतो.

दुसऱ्या शंकेबद्दल. जुन्या भाडेकरूने भाडेहक्क सोडण्यासाठी मोबदला घेणे या कायद्यात निषिद्ध नाही, उलट अशा देवाणघेवाणीला कलम ५६ मध्ये मान्यता आहे. त्यामुळे वाजवी तडजोड होत असेल, तर मी ती करण्याचाच सल्ला देईन, कारण लघुवाद न्यायालय, जिल्हा न्यायालय आणि त्यानंतर उच्च न्यायालय असा प्रवास भावाच्या मुलांचे शिक्षण संपेपर्यंत चालू शकतो. मात्र साध्या कागदावर लिहून रक्कम देऊ नका. आधी दावा दाखल करा आणि त्या दाव्यात तडजोडपत्र सादर करून समझोत्याचा हुकूमनामा घ्या, किंवा प्रकरण लोकअदालतीत ठेवून तेथे निवाडा घ्या. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसते आणि त्याची अंमलबजावणी हुकूमनाम्याप्रमाणेच होते. मूळ भाडेकरूच्या सर्व वारसांच्या सह्या घ्या, बहिणींच्या विशेषतः. रक्कम धनादेशाने किंवा बँकेमार्फत द्या आणि मोठा हप्ता रिकाम्या खोल्यांच्या किल्ल्या हातात पडतील त्याच दिवशी द्या.

तडजोड फिसकटली आणि दावा आपल्या बाजूने लागल्यावर त्याने अपिलात स्थगिती मागितली, तर एक अर्ज विसरू नका. हुकूमनाम्यानंतर जागा अडवून ठेवणाऱ्या भाडेकरूला स्थगिती देताना न्यायालय त्याला बाजारभावाच्या आसपासची रक्कम दरमहा भरण्याची अट घालू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने आत्माराम प्रॉपर्टीज आणि पुढे २००९ मध्ये मुंबईतील सुपर मॅक्स प्रकरणात सांगितले आहे. त्यासाठी नारायण पेठेतील तितक्याच आकाराच्या जागांचे अलीकडचे दोन-तीन नोंदणीकृत करार मिळवून ठेवा. आज जे नाममात्र भाडे येते त्याऐवजी त्या दराने रक्कम भरावी लागेल हे समजल्यावर कुलूप लावून ठेवलेल्या खोल्यांसाठी अपील चालवायचे की नाही, याचा विचार तोही करील.

मसुदा तयार झाल्यावर त्यातील नावे आणि पत्ते वगळून येथे टाकलात, तर मी पाहून देईन.